मुका कंप्युटर

चाचांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. तिथं शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली असायची, लांब चोचीची. खिशाला कायमचा तेलकट डाग, आणि तो धुऊन धुऊन चाची दमलेल्या. कुणाच्याही घरी गेले तरी चाचा आधी दाराकडं बघायचे. बिजागरी कुरकुरली की रामराम-सलाम राहिला बाजूला, बाटली बाहेर. दोन थेंब वर, दोन खाली, दार उघडमीट करून बघायचं, आणि मग घरातल्या माणसाकडं असं बघायचं, जसं काही त्यानं लेकरू उपाशी ठेवलंय.

"रोज ऐकताय का न्हाई हे? कान हाईत का खुट्या?"

लोक हसायचे. अजून हसतात. भोरमध्ये आजही चाचांचा विषय काढा, पहिल्यांदा ती तेलाची बाटली निघते, मग "येडा होता बिचारा" हे निघतं, आणि तिसरं काही निघतच नाही. 'येडा' एक वेळ मी सोडून देईन. 'बिचारा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. चाचा बिचारे नव्हते. बिचारी मी होते. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई, हे लिहिताना सुद्धा धाकधूक आहे की कुणी म्हणेल, हिला कुणी सांगितलं होतं लिहायला. पण ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिलं नाही, मग काय करायचं?

आम्ही हिंगोलीकडचे. आमच्या यांना हायवेवर, सारोळ्याच्या पुलाजवळच्या एका कारखान्यात काम लागलं. कारखान्याची गाडी भोरहून सुटायची म्हणून भोरात खोली शोधत फिरलो. एकानं आमची जात विचारली. एकानं जिल्हा ऐकला आणि म्हणाला, तिकडची माणसं नको बाबा. चाचांच्या घरात एक खोली रिकामी होती. त्यांनी यांच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं.

"घोरता का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलून खोली घेतली आणि पहिल्याच रात्री बाहेर काढलं तर? मीच म्हणाले, "घोरतात."

"घोरू द्या. माणसाचा आवाज चालंल. मिक्सर हाय का?"

"नाही."

"मग या ऱ्हायला, सूनबाई."

त्या दिवसापासून मी त्यांची सूनबाई. परमुलखात कुणी आपणहून सून म्हटलं, त्याचं काय वाटतं ते परमुलखात गेल्याशिवाय कळायचं नाही.

आवाजाचं हे वेड आलं कुठून, ते मला चाचींनी सांगितलं. तरुणपणी चाचा तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. जिकडं जत्रा, तिकडं तंबू, पार वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत. लोक पडदा बघायचे, हे मशीनला कान लावून बसायचे. फिल्म तुटायच्या आधी प्रोजेक्टर कुरकुरतो म्हणे, आणि ती कुरकुर आधी ऐकली तर फिल्म वाचते. "त्यांनी एक शिनेमा डोळ्यानं बघितला न्हाई," चाची म्हणायच्या. "हिरॉईन काळी का गोरी इचारा, सांगता यायचं न्हाई. पट्टा कुठं सैल व्हता ते सांगतील."

तंबू गेले. मग चाचांनी रेडिओ दुरुस्त केले, टीव्ही केले, आणि उतारवयात त्यांच्या हाती कंप्युटर लागला. त्याची त्यांना माया नव्हती, संताप होता. बाजारपेठेत इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथं शाळेची पोरं गेम खेळायला यायची, आणि त्यांच्या रांगेत पांढऱ्या दाढीचे चाचा डिक्शनरी घेऊन बसायचे. कुठल्या कुठल्या थंड देशातली माणसं आपापल्या कंप्युटरचा आवाज कसा मारला ते इंटरनेटवर एकमेकांना सांगायची. चाचा ते सगळं छापून आणायचे. "त्येंच्याकडं थंडी इतकी की मानूस भाईर पडत न्हाई," ते समजावायचे. "घरात बसलं की पंखा ऐकू येतो. आपल्याकडं सगळी भाईर बोंबलत फिरत्यात, कुणाला काय ऐकू येनार?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. आवाज म्हणजे गळती. घागर गळायला लागली तर बाई घर डोक्यावर घेते. मशीन गळतंय, खाल्लेली वीज नुसती आवाजात आणि धगीत घालवतंय, त्याचं कुणाला काही नाही. वर लोडशेडिंगच्या नावानं शिव्या द्यायला सगळे पुढं. "वीज जाती व्हय रे? आन् असती तवा काय करता? जाळता!" असं रस्त्यात कुणालाही धरून विचारायचे. म्हणून लोक रस्ता बदलायचे. बदलणारच. खरं बोलणारा माणूस समोरून आला की रस्ता लगेच अरुंद होतो.

आता माझं सांगते. भोरच्या एका छापखान्यात मी पत्रिका दुमडायला जात होते. माझं अक्षर आणि शुद्धलेखन बघून मालकांनी मला मराठी टायपिंग शिकवलं. मग म्हणाले, घरी कंप्युटर असेल तर लग्नपत्रिकांचं सगळं काम तुला देतो. पुण्यातून जुना कंप्युटर आणला. लावला, आणि खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. हे अजिबात वाढवून सांगत नाही. पंखा असा घोंघावायचा की ताटाळ्यातली ताटं थरथरायची. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, कंप्युटर म्हटल्यावर आवाज येणारच. आवाज येतोय म्हणजे पॉवरफुल आहे." काय बोलावं या माणसाला? मग बैलाऐवजी भोंगा बांधावा औताला!

खोली एकच. यांची कायमची रात्रपाळी. दिवसा हे झोपणार, आणि दिवसाच मी टायपिंग करणार. यांच्या पायाशी माझं टेबल. कारखान्यात हे पॉवर प्रेसवर होते. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, मग पायानं दाबायचं. हा क्रम चुकला की बोटं गेली. यांच्या शेजारच्या मशीनवरच्या एका माणसाची गेली होती. तो दमलेला नव्हता, दारू प्यालेला नव्हता. घरी लेकरू आजारी म्हणून झोप झाली नव्हती, एवढंच.

कंप्युटर आल्यावर दोन-तीन आठवड्यांतली गोष्ट. हे सकाळी आले, डबा खाली ठेवला, आणि आपल्याच हाताकडं बघत म्हणाले, "आज उलटं झालं. पाय आधी पडला."

"मग?"

"मग काय? हात कसा निघाला, मलाच कळंना गेलं."

एवढं बोलून पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले. कंप्युटर विकून टाक, असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. मी त्या दिवशी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छापखान्यातून निरोपावर निरोप. तिसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेले, यांच्या हाताचं सांगितलं आणि म्हणाले, कंप्युटर काढायचाय, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा. इतके दिवस तुम्हाला आवाजाचा त्रास झाला, त्याचीही माफी मागते.

चाचा पुढ्यातलं ताट सारून उठले.

"माफी तुमी का मागताय? ज्यानं बनवलं त्यो मागतोय का? ज्यानं इकलं त्यो? आं? मानूस झोपला तर हात जाणार न्हाई, आन् ह्यो डबा झोपू देत न्हाई. मग घरातनं कुणी जायाचं? डब्यातल्या आवाजानं का तुमी? सूनबाई, इकायचं नाव काढाल तर खोली खाली करा!"

ओरडणं इतकं मोठं की हे झोपेतून उठून आले. आवाजाच्या विरोधात बोलताना चाचांना स्वतःचा आवाज कधी ऐकू यायचा नाही.

चाचांनी काय केलं ते मला समजलं तसं सांगते. लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, बॅटरीवर जगायला केलेला असतो. तो खातो कमी, तापतो कमी. पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या लॅपटॉपातून चाचांनी तसला एक मिळवून ठेवला होता. तो त्यांनी माझ्या मोठ्या कंप्युटरच्या बोर्डात बसवायचं ठरवलं. बसतो बरोबर, पण बोर्ड त्याला ओळखत नाही, मोठ्यासारखीच भरपूर वीज पाजतो. म्हणून प्रोसेसरच्या पाठीवरचे काही बारीक ठिपके एकमेकांना जोडायचे आणि खाली सॉकेटच्या भोकांत केसाएवढी तार घालायची. मग बोर्डाला कळतं की पाहुणा अल्पाहारी आहे. तापणं कमी झालं की पंखा निम्म्यापेक्षा हळू फिरवता येतो.

ठिपके जोडायला चांदीचा रंग लागतो. थंड देशातल्या माणसांकडं तो मोटारीच्या मागच्या काचेवरच्या, धुकं घालवायच्या तारा सांधायला मिळायचा. "तसली काचच भोरला कुनी बघितली न्हाई," चाचा म्हणाले. मग त्यांनी शोधून काढलं: चांदीचा वर्ख. मिठाईवर लावतात तो. तो नेलपॉलिशमध्ये घोटायचा. चाचींकडं नेलपॉलिश मागितलं, तर त्या माझ्यासमोर म्हणाल्या, "ह्या वयात कुनासाठी मागताय, ते आधी सांगा!" शेवटी माझी बाटली दिली.

वर्ख घोटला, दाढीच्या ब्रशच्या एका केसानं रेघ ओढली, वाळवली. काही होईना. रेघेतून वीजच जाईना. चाचा दोन दिवस जेवले नाहीत धड. मग त्यांनी उरलेला वर्ख बोटांत चोळला. खरी चांदी चोळली की विरते. याची गोळी झाली.

ती गोळी तळहातावर घेऊन चाचा मिठाईच्या दुकानात गेले. मी बाजूच्याच दुकानातून साखर घेत होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"हे काय हाय?"

"वर्ख हाय, चाचा."

"वर्खाची गोळी व्हती का? ही ॲल्युमिनियम हाय. लोकांच्या पोटात भांडी घालतोस व्हय रे?"

"हळू बोला, गिऱ्हाईक हाय. खाणाऱ्याला काय फरक पडतोय?"

"खाणाऱ्याला कळत न्हाई म्हनून चालवतोस. माझ्या प्रोसेसरला कळलं!"

सगळं दुकान हसलं. पेढे घेणारे हसले, ज्यांच्या पोरांना ते पेढे खायचे होते ते हसले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की चाचा कंप्युटरला मिठाई चारतात. मला अजून सांगा, यात येडा कोण? देवापुढं ठेवायच्या पेढ्यावर भांड्याचा पत्रा लावणारा शहाणा, आणि तो पकडणारा येडा? त्या दुकानदाराला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. दुकान चालूच राहिलं. मी मात्र तिथून पुन्हा काही घेतलं नाही. माझ्यासारखीच्या न घेण्यानं त्याचं काय बिघडणार, ते सोडा.

चांदी शेवटी घरातच मिळाली. चाचींनी आपलं तुटकं पैंजण आणून चाचांपुढं टाकलं. "घ्या. घासा. आवाज करनारीच वस्तू हाय, तुमच्या कामाला येईल." चाचांनी बारीक कानशीनं घासून भुकटी केली, माझ्या नेलपॉलिशमध्ये घोटली, आणि नवी रेघ ओढली.

लावला तेव्हा दुपार होती. हे झोपलेले. चाचा जमिनीवर मांडी घालून. मी बटण दाबलं आणि वाट बघत बसले. काही नाही.

"लागला न्हाई," मी कुजबुजले.

"पडदा बघा."

पडद्यावर अक्षरं चढत होती. मी डब्यावर हात ठेवून बघितला, तेव्हा तळव्याला कळलं की आत काही तरी जिवंत आहे. हे घोरत होते. कंप्युटर आल्यापासून त्या खोलीत यांचं घोरणं मला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी टायपिंगला बसले. चाचांच्या कपाळाला आठी.

"आता तुमची बोटं ऐकू याया लागली. हळू मारा."

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी कीबोर्डखाली घातले. लाईट गेली तरी टेम्पोच्या जुन्या बॅटरीवर माझं काम पुढं चालायचं. फक्त मॉनिटरवर त्यांचा दात होता. "ह्यो डबा लई खातोय," म्हणायचे, आणि जाता जाता त्याला एक टप्पल.

छापखान्याचे मालक एकदा बघायला आले. कंप्युटरपुढं उभं राहून म्हणाले, "बंद पडलाय का?"

"चालू आहे."

"आवाज येईना."

"आवाज काढून टाकलाय."

"असं कुठं असतंय? काही तरी बिघाड असणार. जपून वापर हं." आणि बाहेर जाऊन म्हणाले, त्या येड्या चाचाच्या नादी लागलीय. माझी पत्रिका न चुकता, न थांबता त्यांच्या हातात पडत होती, तरी बिघाड! आवाज केल्याशिवाय कुणी काम करतंय, यावर लोकांचा विश्वासच बसत नाही.

आणि शेजारच्या एक बाई. त्यांनी तर कमाल केली. चाचा रोज दुपारी खोलीत जाऊन बसतात, असं पाणी भरताना चारचौघींत म्हणाल्या. अहो, नवरा तिथंच घोरत होता! दार सताड उघडं, उंबऱ्याशी चाची तांदूळ निवडत बसलेल्या! मी त्या दिवशी बोलले नाही, आम्ही भाडेकरू, परके. चाचींना समजलं, तेव्हा त्या नळावर जाऊन म्हणाल्या, "माझा म्हातारा त्या डब्याच्या मागं हाय. डब्याची बदनामी करू नगा." तेव्हा कुठं तोंडं मिटली.

आता जे सांगते आहे, त्यात माझा राग चाचांवर आहे.

चाचा रोज यायचे ते नुसते बघायला नाही. त्यांना अजून कमी हवं होतं. अजून थोडी वीज कमी, अजून पंखा हळू. केसाएवढी तार ते काढायचे, दुसऱ्या भोकात घालायचे, डोळे मिटून डब्याला कान लावायचे. समाधान झालं की उठायचे. एकदा म्हणाले, पंखा काढूनच टाकतो. मी हात जोडले. "चाचा, आता राहू द्या. चाललंय चांगलं." ते "बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ चाचींनाही कधी कळला नव्हता.

मला तेव्हा मोठं काम मिळालं होतं. वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेची स्मरणिका. जुन्या विद्यार्थ्यांची नावं, गावं, आठवणी. मार्गासनीपासून वरच्या वाड्यांपर्यंतची माणसं त्यात. मी टाइप करताना ती नावं मोठ्या मायेनं करायचे, माझं स्वतःचं नाव कुठल्या शाळेच्या पुस्तकात येणार नव्हतं. मालकांनी बजावलं होतं, हे वेळेवर झालं तर पुढं पुस्तकांचं काम तुलाच, नाही झालं तर पुण्याला देतो.

देण्याच्या दिवशी दुपारी पडद्यावरचा बाण थिजला. बंद करून चालू केला. फाईल उघडली, तर नावांच्या जागी नुसत्या चौकटी आणि चिन्हं. मी रोज सेव्ह करत होते. जे सेव्ह झालं तेच सडकं झालं होतं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. हे धडपडून उठले, त्यांना वाटलं मला शॉक बसला. मग परत डोळा लागला नाही त्यांचा. कारखान्याची गाडी आली, आणि हे लाल डोळ्यांनी तसेच पाळीवर गेले. सकाळी दारात दिसेपर्यंत मी उंबऱ्यातच बसून होते. आल्या आल्या मी आधी त्यांचे हात बघितले.

मग मी अंगणात गेले. चाचा सायकलला तेल घालत होते.

"चाचा, तुम्ही परत तार हलवलीत ना?"

"आवाज कमी झाला का न्हाई?"

"आवाज गेला, त्याच्याबरोबर कामही गेलं! सगळी स्मरणिका गेली!"

"हूच शकत न्हाई. म्या रोज ऐकतोय. कुठं कुरकुर न्हाई."

"ते कुरकुरत नाही, चाचा!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तो तुमचा प्रोजेक्टर नाही, आधी सांगून तुटायला. ते उपाशी पडलं तर ओरडत नाही, गुपचूप चुकीचं लिहितं. तुम्ही त्याचा घास काढत गेलात आणि कान लावून म्हणत राहिलात, बरंय, बरंय! यांची झोप व्हावी म्हणून केलंत ना हे? काल यांची झोप कुणी मोडली? त्या गिरणीनं नाही मोडली. तुमच्या शांततेनं मोडली!"

 चाचांच्या हातातून तेलाची धार सायकलवरून जमिनीवर पडत राहिली. मग ते बाटली खिशात टाकून आत गेले.

मी पायरीवरच बसले. झालं, आता बिऱ्हाड उचला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सांगायचं कसं? चाची आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "बरं केलंस. मला उभ्या जन्मात जमलं न्हाई." माझी भीती काही कमी झाली नाही. चाचा दिवसभर बाहेर आले नाहीत. "पालथं पडून ऱ्हायलाय," चाची सांगून गेल्या. "चा बी घेतला न्हाई." मालकांकडं जाऊन मी पाया पडायची बाकी होते. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली, आणि वर, "मी म्हणालो नव्हतो, बिघाड आहे?" हे ऐकवायची संधी सोडली नाही. ते खरे ठरले, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा दारात उभे. दाढी विस्कटलेली. हातात छापून आणलेले कागद. सकाळीच इंटरनेटच्या दुकानात जाऊन आले होते.

"ऐकून भागत न्हाई," ते कागद दाखवत म्हणाले. "त्येला गणितं घालायची असत्यात. दिवसभर गणितं करू द्यायची, न चुकता केली तर बरं हाय. हे समदं त्या लोकांनी लिवलं व्हतं. म्या तेवढं पान वाचलं न्हाई."

"का नाही वाचलंत?"

"मला वाटलं, मला कान हाईत."

मग ते जमिनीवर बसले. डबा उघडला, तार काढली, आणि या वेळी वीज थोडी वाढेल अशा भोकात घातली. पंखा जरा जोरात फिरावा म्हणून त्याची वायर बदलली. मी बटण दाबलं. खोलीत एक बारीक घूं सुरू झाली. गिरणीच्या मानानं काहीच नाही, पण होती. चाचांचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांच्यासमोर त्यांचंच दार करकरा उघडलंय.

तेवढ्यात यांनी कूस बदलली. चाचांचा हात वायरीवरच थांबला.  यांनी तोंड चाळवलं, हात उशाखाली घेतला, आणि घोरायला लागले.

"झोपला," चाचा म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. त्यांची बोली माझ्या तोंडात कधी आली, कळलं नाही.

त्यांनी कंप्युटरला गणितं लावली आणि अंधार पडेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिले. मध्ये लाईट गेली, बॅटरीवर गणितं चालू. हे उठून पाळीवर निघाले तेव्हा चाचांनी पाय आखडून वाट दिली आणि वर न बघता विचारलं, "झोप झाली का?" हे म्हणाले, "झाली की. आज काहून विचारायलेत?" चाचांनी पडद्याकडं मान वळवली. एकही गणित चुकलं नव्हतं. चाचा उठले, गुडघे झाडले, आणि जाता जाता हळूच म्हणाले, "सूनबाई, चाचानं पंखा वाढवला म्हनून भाईर कुनाला बोलू नगा."

नाही बोलले. चाचा होते तोवर नाही, आणि गेल्यावरही नाही. आता बोलते, कारण ते आयुष्यभर हट्टी होते, कुणाच्या बापाला जुमानलं नाही, असं सांगणारी माणसं अजून त्या बाजारपेठेत बसलेली आहेत. ज्यांनी स्वतः कधी कुणापुढं एक पाऊल मागं घेतलं नाही, ते हे सांगतात! त्या माणसानं आठवीत शाळा सोडलेल्या भाडेकरणीचं भर अंगणातलं बोलणं ऐकून घेतलं, आणि ज्या गोष्टीवर जन्म काढला तिच्यावरून हात मागं घेतला. दाखवा मला असा दुसरा शहाणा.

त्याच्या दुसऱ्या सकाळी हे पाळीवरून येऊन झोपले आणि मी स्मरणिका पहिल्या नावापासून परत टाइप करायला घेतली. चाचा उंबऱ्यात येऊन बसले, पाठ माझ्याकडं, तोंड अंगणाकडं. पहिलं पान भरलं.

"शेव केलं का?"

"केलं, चाचा."

मी दुसऱ्या पानाला हात घातला.

"परत करा."